एका अक्षराचे किती आकडे?

संगणकाच्या स्मृतीत अक्षर नसते, आकडा असतो. पडद्यावर 'क' दिसतो तो कुठल्या तरी तक्त्यात त्या आकड्यापुढे 'क' लिहिलेला असतो म्हणून. तक्ता बदलला की आकडा तोच राहतो आणि अक्षर बदलते. निव्वळ इंग्रजीत काम करणाऱ्याला याचा फारसा जाच होत नाही, कारण इंग्रजी अक्षरांचे आकडे आजच्या बहुतेक तक्त्यांत सारखेच आहेत. गाडी अडते ती फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशसारख्या भाषांतल्या चिन्हांकित अक्षरांपाशी. फ्रेंच 'कॅफे' या शब्दातला शेवटचा ई घ्यावा. त्याच्या डोक्यावर उजवीकडे चढत जाणारी छोटी रेघ असते. या रेघेच्या ईला वेगवेगळ्या यंत्रांवर इतके वेगवेगळे आकडे मिळाले आहेत की त्याच्या मागोमाग गेले तरी अक्षरांना आकडे देण्याचा, म्हणजे एन्कोडिंगचा, बराचसा गुंता समजतो.

पहिला सर्वमान्य तक्ता, आस्की, अमेरिकेत १९६३ साली ठरला. टेलिप्रिंटरच्या तारेवरून जाणारे संदेश डोळ्यांपुढे ठेवून तो आखला होता. एका अक्षराला सात बिट, म्हणजे एकूण १२८ जागा. त्यांतल्या ३३ जागा 'ओळ संपली', 'घंटा वाजव' अशा नियंत्रण संकेतांना गेल्या आणि ९५ जागा छापता येणाऱ्या चिन्हांना. पहिल्या आवृत्तीत लहान रोमन अक्षरेही नव्हती. ती १९६७च्या सुधारणेत पक्की झाली. रेघेच्या ईला इथे जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

याच तक्त्याची आंतरराष्ट्रीय आवृत्ती निघाली तेव्हा काही जागा देशोदेशींच्या सोयीसाठी मोकळ्या सोडण्यात आल्या. फ्रान्सने १२३ क्रमांकावर रेघेचा ई बसवला. जर्मनीने त्याच जागी दोन टिंबांचा ए ठेवला. अमेरिकेच्या तक्त्यात मात्र १२३ म्हणजे सुरू होणारा महिरपी कंस होता, आणि सी भाषेतला प्रोग्राम या कंसावाचून लिहिताच येत नसे. त्यामुळे फ्रेंच टर्मिनलवर सी प्रोग्रामचा प्रत्येक भाग रेघेच्या ईने सुरू होई आणि उलट्या रेघेच्या ईने संपे. प्रोग्राम बिनचूक चाले, वाचणाऱ्याचे डोळे तेवढे शिणत. सी भाषेच्या १९८९च्या मानकात यावर तोड म्हणून दोन प्रश्नचिन्हे आणि एक तिसरे चिन्ह यांनी महिरपी कंसाचे काम भागवण्याची सोय केली गेली. इतके कुरूप वाक्यलेखन क्वचितच कुठल्या मानकाने अधिकृत केले असेल. सी-प्लस-प्लसने २०१७च्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली.

आठ बिटांचा बाइट रूढ झाल्यावर १२८ ऐवजी २५६ जागा मिळाल्या. वरच्या १२८ जागांत काय भरायचे हे ज्याने त्याने आपापले ठरवले. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. त्याच्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यात रेघेच्या ईचा आकडा १३०. ॲपलचे मॅकिंटॉश १९८४ साली आले. तिथे तेच अक्षर १४२. पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ साली निघाले. लॅटिन-१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तक्त्यात त्याला २३३ मिळाला, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्यात तोच आकडा कायम ठेवला. १२८ ते १५९ या जागांत मात्र विंडोजने स्वतःची चिन्हे भरली. शब्दाला दोन्ही बाजूंनी वळणारी अवतरणचिन्हे तिथेच आहेत, आणि विंडोजवर लिहिलेला इंग्रजी मजकूर दुसरीकडे गेल्यावर नेमकी हीच चिन्हे का बिघडतात त्याचे कारणही हेच.

या सगळ्यांत मुख्य उणीव एकच होती: कोणता तक्ता वापरला हे फाइलमध्ये कुठेही लिहिलेले नसे. गावाचे नाव न घालता नुसता घर क्रमांक टाकून पत्र पाठवावे, तशातला हा प्रकार. वाचणारा प्रोग्राम आपल्या यंत्रावरचा तक्ता गृहीत धरी. मॅकवर लिहिलेल्या फाइलमधला १४२ विंडोजवर उघडला की उलट्या टोपीचा मोठा झेड होई. दोन यंत्रे तरी कशाला हवीत? पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या एकाच विंडोज संगणकावर खिडक्यांतल्या प्रोग्रामांसाठी १२५२ हा तक्ता असे आणि काळ्या कमांड खिडकीसाठी डॉसच्या काळापासून चालत आलेला ८५०. नोटपॅडमध्ये साठवलेला २३३ कमांड खिडकीत छापला की तिथे तिरक्या रेघेचा मोठा यू उमटे. अमेरिकेतल्या यंत्रावर हेच केले तर ग्रीक थीटा.

वरच्या १२८ जागांशी मराठीचाही जवळचा संबंध आला. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक होते. पुण्याच्या सी-डॅकचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता आणि भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ साली स्वीकारले. डीटीपीच्या दुकानांत आणि वृत्तपत्रांत मात्र वेगळीच वाट रुळली. फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन आणि चिन्हांकित अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा 'क', काना, वेलांटी, रफार. फाइलमध्ये आकडे रोमन अक्षरांचेच असत, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवी. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर उघडला की पडद्यावर टोप्या, रेघा आणि टिंबे लावलेल्या युरोपीय अक्षरांची माळ दिसे. मुखवट्याचा तक्ताही प्रत्येक कंपनीचा निराळा. त्यात एखाद्या प्रोग्रामने भलेपणाने विंडोजचा २३३ बदलून मॅकचा १४२ केला, तर देवनागरीचा भलताच तुकडा समोर येई. त्या काळातले लेख, दिवाळी अंक, पुस्तकांच्या फाइली आज शोधायच्या किंवा पुन्हा छापायच्या तर आधी कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात, आणि कन्व्हर्टरला फॉन्ट नेमका कोणता हे सांगावे लागते.

जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात आणण्याचा विचार १९८७च्या सुमारास झेरॉक्सचे जो बेकर आणि ॲपलचे ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस यांनी सुरू केला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात रेघेच्या ईचा क्रमांक २३३च राहिला, कारण लॅटिन-१ हा तक्ता जसाच्या तसा युनिकोडच्या सुरुवातीला घेतला होता. देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली गेली आणि 'क'ला २३२५ क्रमांक मिळाला. सुरुवातीचा हिशोब असा की सोळा बिटांत मावणाऱ्या ६५,५३६ जागा सगळ्या जगाला पुरतील. त्या पुरल्या नाहीत. १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत तक्ता वाढवून ११ लाखांवर जागांचा केला गेला. तोवर विंडोज एनटी, जावा आणि जावास्क्रिप्ट सोळा बिटांचे गणित मनाशी धरून तयार झाली होती, आणि त्या घाईचा भुर्दंड प्रोग्रामर अजून भरत आहेत. जावास्क्रिप्टला एखाद्या इमोजीची लांबी विचारली की उत्तर येते दोन, कारण ती इमोजी सोळा बिटांच्या एका खणात मावत नाही. सी भाषेत 'रुंद अक्षर' म्हणून जो प्रकार आहे तो विंडोजवर सोळा बिटांचा आणि लिनक्सवर बत्तीस बिटांचा असतो. दोन्हीकडे चालणारा कोड लिहू पाहणाऱ्याने त्यापासून दूर राहिलेले बरे.

युनिकोड अक्षराला क्रमांक देते. तो क्रमांक बाइटांत कसा लिहायचा हा पुढचा, वेगळा प्रश्न. त्याचे सर्वांत देखणे उत्तर सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका साध्या उपाहारगृहात जेवता जेवता टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडले. तेच यूटीएफ-८. १२७ पर्यंतचे क्रमांक एका बाइटात जसेच्या तसे राहतात, म्हणजे आस्कीतली जुनी इंग्रजी फाइल आपसूकच यूटीएफ-८ ठरते. त्यापुढच्या क्रमांकांना दोन ते चार बाइट लागतात. रेघेच्या ईचा २३३ घ्यावा. त्याला ६४ ने भागले की भागाकार ३ आणि बाकी ४१. दोन बाइटांच्या अक्षराचा पहिला बाइट १९२ पासून मोजतात, म्हणून १९२ अधिक ३, १९५. मागचा बाइट १२८ पासून मोजतात, म्हणून १२८ अधिक ४१, १६९. फाइलमध्ये उतरतात १९५ आणि १६९. 'क'ला याच रीतीने तीन बाइट लागतात: २२४, १६४, १४९. पहिल्या बाइटावरूनच अक्षर किती बाइटांचे आहे ते कळते. मागचे बाइट नेहमी १२८ ते १९१ या पट्ट्यात असतात, त्यामुळे मजकुराच्या मध्ये कुठेही उतरले तरी अक्षराची सुरुवात सापडते. फाइलच्या मार्गातली तिरपी रेघ किंवा शून्य बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात कधीच येत नाही, म्हणून जुने युनिक्स प्रोग्राम फारसे न बदलता यूटीएफ-८ हाताळू शकले.

आता चुकीच्या तक्त्याने वाचले तर काय दिसेल हे आधीच सांगता येते. १९५ आणि १६९ हे बाइट विंडोजच्या १२५२ तक्त्याने वाचले तर पडद्यावर नागमोडी रेघेचा मोठा ए आणि त्याला चिकटून कॉपीराइटच्या वर्तुळातला सी येतो. फ्रेंच मजकुरात ही जोडी दिसली की निदान झालेच: मजकूर यूटीएफ-८ आहे आणि वाचणाऱ्याने त्याला लॅटिन मानले आहे. मराठीची खूण वेगळी. देवनागरीतल्या अक्षरांचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. त्यामुळे बिघडलेल्या मराठी ईमेलमध्ये उलट्या रेघेचा लहान ए पुन्हापुन्हा येतो, आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा चार काटे फुटलेले वर्तुळाकार चलनचिन्ह.

हा कचरा भयानक दिसतो, पण बहुधा दुरुस्त होतो, कारण मूळ बाइट शाबूत असतात. कधी कधी बिघडलेलाच मजकूर पुन्हा यूटीएफ-८ म्हणून साठवला जातो, मग रेघेचा ई चार बाइटांचा होतो: १९५, १३१, १९४, १६९. तोही उलट क्रमाने सोडवता येतो. खरे नुकसान प्रश्नचिन्हांत असते. लक्ष्य तक्त्यात अक्षराला जागा नसली की पुष्कळ प्रोग्राम तिथे साधे प्रश्नचिन्ह, म्हणजे ६३, लिहून मोकळे होतात. मूळ अक्षर तिथेच संपते. डेटाबेसमध्ये ग्राहकांची नावे प्रश्नचिन्हांच्या ओळीसारखी दिसू लागली, तर कन्व्हर्टर शोधण्यात वेळ न घालवता बॅकअप शोधावा. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ या नावाने मिळणारा प्रकार वर्षानुवर्षे तीनच बाइटांपर्यंत जाणारा होता, त्यात इमोजी मावत नसत. चार बाइटांचा खरा प्रकार २०१० साली वेगळ्या नावाने आला.

फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट घालून 'हा यूटीएफ-८ आहे' अशी खूण करण्याची रीत विंडोजच्या जगात आहे. एक्सेलला ही खूण फार लागते. ती नसलेली सीएसव्ही फाइल विंडोजवर नुसती क्लिक करून उघडली की एक्सेल यंत्राचा जुना तक्ता गृहीत धरते आणि नावांचा चुराडा करते. खूण घातली की एक्सेल खूश, पण तीच फाइल वाचणारा दुसरा प्रोग्राम 'नाव' हा स्तंभच सापडत नाही म्हणून अडून बसतो, कारण पहिल्या स्तंभाच्या नावाआधी एक न दिसणारे अक्षर चिकटलेले असते. पायथॉनमध्ये ही खूण गिळून टाकणारा वाचनप्रकार मुद्दाम ठेवला आहे.

तक्ते बदलले, भाषा बदलल्या, तरी प्रोग्रामरच्या चुकीचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते: एन्कोडिंग न सांगता फाइल उघडणे. अशा वेळी प्रोग्रामिंगची भाषा यंत्राचे मूळ गृहीत वापरते. मॅक आणि लिनक्सवर ते सहसा यूटीएफ-८ असते, विंडोजवर पुष्कळदा १२५२. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर चोख चालणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या यंत्रावर रेघेच्या पहिल्याच ईला कोसळतो तो यामुळे. जावाने मार्च २०२२ मधल्या १८व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हे सगळीकडे मूळ गृहीत केले. विंडोज १० ने २०१९ मध्ये नोटपॅडचे मूळ एन्कोडिंग बदलले आणि प्रोग्रामांना स्वतःपुरता यूटीएफ-८ तक्ता मागण्याची मुभा दिली. तरीही फाइल उघडताना, डेटाबेसला जोडताना, जाळ्यावरून मजकूर घेताना एन्कोडिंगचे नाव स्पष्ट लिहिणे हीच सवय भरवशाची. बाहेरून आलेले बाइट दारातच युनिकोड मजकुरात बदलावेत, आत सगळे काम मजकुरावर करावे आणि बाहेर जाताना पुन्हा यूटीएफ-८ बाइट करावेत. पायथॉनने २००८च्या तिसऱ्या आवृत्तीत बाइट आणि मजकूर हे दोन निराळे प्रकार केले ते ही शिस्त लागावी म्हणूनच. तेव्हा त्यावर पुष्कळ कुरकुर झाली; निर्णय मात्र योग्य होता. जुन्या फाइलींचे एन्कोडिंग माहीत नसेल तर आधी काटेकोर यूटीएफ-८ म्हणून वाचून पाहावे. त्याचे नियम इतके ठाशीव आहेत की लॅटिन तक्त्यातला मोठा मजकूर चुकून त्यांत बसण्याची शक्यता फार कमी.

एन्कोडिंग जुळले तरी एक फट उरते. युनिकोडमध्ये रेघेचा ई दोन रीतींनी लिहिता येतो: २३३ हे एकच अक्षर, किंवा साधा ई, क्रमांक १०१, आणि त्याच्यामागे नुसती रेघ, क्रमांक ७६९. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रामने आकडे ताडून पाहिले तर दोन्ही निराळे. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावे साठवताना अक्षर आणि रेघ वेगवेगळी करी. लिनक्स नावातले बाइट जसेच्या तसे ठेवतो. लिनक्सवर गिटमध्ये घातलेली रेघेच्या ईची फाइल मॅकवर उतरवली की गिटला ती अनोळखी वाटे, आणि कुणी हातही न लावलेली फाइल नवी म्हणून यादीत येई. गिटमध्ये २०१२ साली नावे पुन्हा जोडून घेण्याची सोय केली गेली. यावरचा सर्वसाधारण उपाय म्हणजे तुलना करण्याआधी दोन्ही मजकूर एकाच रूपात आणणे. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत ते तयार मिळते.

मराठीत मात्र हा उपाय सगळीकडे पुरत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा, आडवा र दोन प्रकारे टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. दिसायला फरक शून्य, पण नॉर्मलायझेशनला हे दोन प्रकार एकच आहेत हे माहीत नाही. 'ॲप'मधल्या 'ॲ'चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी लोक अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे टाइप करत, आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तसेच करतात. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. मराठी शोध देणाऱ्या प्रोग्रामला या जोड्या स्वतंत्रपणे सांगाव्या लागतात.

मजकुराची लांबी हा असाच फसवा प्रश्न. 'कार्यक्रम' या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात, युनिकोडला नऊ संकेत आणि फाइलला २७ बाइट. 'नाव ५० अक्षरांत बसवा' असे सांगणाऱ्याने यातले कोणते माप हे सांगायला हवे. बाइट मोजून मजकूर कापला तर शेवटचे अक्षर अर्धवट तुटते आणि तिथे काळ्या चौकोनी हिऱ्यातले प्रश्नचिन्ह येते. मोबाइलच्या साध्या संदेशात १६० अक्षरे मावतात ती त्याच्या सात बिटांच्या तक्त्यामुळे. त्या तक्त्यात रेघेच्या ईला जागा आहे, टोपीच्या ईला नाही आणि देवनागरीला तर नाहीच, म्हणून मराठी संदेशाची मर्यादा ७० वर येते.

लहान-मोठी अक्षरे आणि क्रमवारी यांचे नियम आकड्यांवरून काढता येत नाहीत, ते भाषेवर अवलंबून असतात. तुर्कीत टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि टिंबाच्या आयचे मोठे रूपही टिंबासकटच असते. त्यामुळे आज्ञेचे नाव मोठ्या अक्षरांत बदलून ताडून पाहणारे जावा प्रोग्राम तुर्की यंत्रांवर पडल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. दोन टिंबांचा ए जर्मन शब्दकोशात साध्या एच्या शेजारी बसतो, स्वीडिश शब्दकोशात झेडच्याही पुढे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि त्यामागून क्ष, ज्ञ. युनिकोडमध्ये ळ आहे ल च्या लगत, आणि क्ष म्हणजे क, हलन्त व ष असे तीन संकेत असल्याने तो क मध्येच मिसळतो. नुसत्या आकड्यांवर लावलेली मराठी शब्दसूची म्हणूनच चुकीची लागते. डेटाबेसला किंवा लायब्ररीला भाषेचे नाव सांगून त्या भाषेचा क्रम मागावा लागतो.